संप वैमानिकांचा, हिशेब धंद्याचा

आपल्या व्यापार पानावर वैमानिकांचा काय संबंध, असे काही वाचक बंधू विचारतील. गुलमंडीत कापडाचे तागे मोजणाऱ्या माणसाने विमानाच्या गोष्टी का कराव्यात? पण संबंध आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या दोन-तीन कारागीर मंडळींनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. "आपली संघटना काय कामाची? वर्गणी घेते, सभा घेते, पण धंदा बदलला की हात वर करते." या प्रश्नाचा नमुना म्हणून वैमानिकांच्या संघटना पाहण्यासारख्या आहेत. देशात यांच्याइतका कुशल, यांच्याइतका महागडा आणि ज्याच्या जागी उद्या सकाळी दुसरा उभा करता येत नाही असा कामगार दुसरा नसेल. एवढी ताकद असलेल्या संघटनेला बदलत्या धंद्यात काय जमले आणि काय जमले नाही, हे कळले तर आपल्या छोट्या संघटनांचाही अंदाज येतो.

प्रथम हे काम कसे चालते ते सांगतो, कारण त्याशिवाय संपाचा अर्थ लागत नाही.

वैमानिकाचा परवाना त्या त्या जातीच्या विमानापुरता चालतो. एअरबस चालवणारा उद्या बोइंगमध्ये बसू शकत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा असते. एका कंपनीतून दुसरीत गेला की त्याची ज्येष्ठता गेली, नव्या यादीत तो तळाशी. वैद्यकीय तपासणीत नापास झाला की त्या दिवसापासून उड्डाण बंद आणि कमाईही बंद. वर नोटीसचा नियम आहे. हवाई वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली असे ठरवले की कॅप्टनने नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस द्यावी. आपल्याकडे मागावरचा विणकर सणाला गावी गेला आणि परतला नाही तर मालक दोन शिव्या घालतो आणि दुसरा पाहतो. वैमानिकाच्या बाबतीत प्रकरण कोर्टात जाते. २०२३ साली अकासा कंपनीने नोटीस न पाळता गेलेल्या काही वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती.

म्हणजे हा कामगार जितका महाग, तितकाच बांधलेला. पगार मोठा, पण पाय मोकळे नाहीत. अशा माणसाला संघटनेची गरज मजुरापेक्षा कमी नसते, हे लक्षात ठेवावे. मोठ्या पगारवाल्याचा संप म्हटला की आपण लगेच नाक मुरडतो. ते नेहमीच बरोबर नसते.

आता इतिहास. १९५३ च्या कायद्याने सरकारने आठ खासगी विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनवली आणि परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे दिली. पुढची चाळीस वर्षे देशात दुसरे दुकानच नव्हते. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची संघटना इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड. मालक एक, तो म्हणजे सरकार. विमान उभे राहिले तर प्रवाशाला दुसरा पर्याय नाही, खासदार-मंत्री स्वतः अडकून पडतात. त्यामुळे चार दिवस काम बंद केले की मंत्रालयातून बोलावणे येई. पुढारी जाई, काही घेऊन येई. या काळात संघटनेला एकच विद्या येत होती, दार बंद करण्याची, आणि ती पुरत होती.

मग बाजार उघडला. १९९२ साली मुंबईच्या तकीउद्दीन वाहिद यांनी ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स सुरू केली. साध्या ट्रॅव्हल एजंटच्या धंद्यातून वर आलेला हा माणूस, सरकारी मक्तेदारीनंतरची पहिली मोठी खासगी विमान कंपनी त्याची. (१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत त्यांचा गोळ्या घालून खून झाला आणि पाठोपाठ कंपनीही बुडाली. ती वेगळीच कहाणी आहे.) १९९३ च्या मे महिन्यात जेट एअरवेज उडाली. १ मार्च १९९४ पासून जुना कायदाच रद्द झाला.

नेमक्या याच वळणावर, १९९२ च्या अखेरीस, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मोठा संप केला. मला हा संप नेतृत्वाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक वाटतो. मागण्या खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. पण समोरच्या गल्लीत नवे दुकान उघडले त्याच आठवड्यात आपण आपल्या दुकानाचे शटर ओढले, तर गिऱ्हाईक कुठे जाणार? खासगी कंपन्यांना प्रवासी आयतेच मिळाले. सरकारने उझबेकिस्तानची विमाने परदेशी वैमानिकांसह भाड्याने आणली. त्यातले हैदराबादहून निघालेले एक विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीत धुक्यात उतरताना उलटले आणि पेटले. आत १६५ माणसे होती, अल्लाहच्या कृपेने सगळी वाचली. आणि संघटनेचे अनेक सभासद स्वतःच नंतर जादा पगारावर खासगी कंपन्यांत गेले. ज्या दुकानाशी भांडले त्याच्या शेजारच्या दुकानात नोकरीला लागले. एकेका वैमानिकाचे भले झाले असेल, संघटना मात्र कमजोर झाली.

त्याच वर्षी आपल्या शहराने विमानाचे दुःख पाहिले. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग चिकलठाण्याहून मुंबईला निघाले आणि धावपट्टीच्या टोकाला बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे विजेच्या तारांना लागून शेतात कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. याचा संपाशी काही संबंध नाही. चौकशीत वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला हे निघाले आणि रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नव्हती हेही निघाले. मी हे एवढ्यासाठी सांगतो की वैमानिकाची एक चूक, एक सेकंदाचा उशीर म्हणजे काय, हे कापसाच्या धंद्यातल्या माणसाला औरंगाबादेत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. थकलेल्या वैमानिकाचा विषय पुढे येणार आहे, तेव्हा हे आठवावे.

वाचकांना १९८२ चा गिरणी संप आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होतो, शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात बसायचो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पहिले दोन महिने वडील म्हणायचे, मिटेल. मुंबईचे पॉपलीन आणि मलमल संपत आले तसे त्यांनी मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांचा माल मागवायला सुरुवात केली, मग सुरतचा. गिऱ्हाइकाने आधी कुरकुर केली, नंतर विचारणेही सोडले. वर्षभरानंतर मुंबईच्या गिरणीचा दलाल पुन्हा दारात आला तेव्हा फळीवर त्याच्या मालाला जागाच उरली नव्हती. कामगारांचे म्हणणे खरे होते, पगार कमी होता आणि कायद्याने जी संघटना त्यांच्या माथी मारली होती ती त्यांना नको होती. पण त्यांचा पुढारी मालकाकडे पाहत राहिला आणि इकडे फळ्या बदलून गेल्या. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. उर्दूत आम्ही ज्याला मौकाशनासी म्हणतो, म्हणजे वेळ ओळखणे, ती पुढाऱ्यात नसेल तर खरी मागणीसुद्धा कामगाराला घेऊन बुडते.

वैमानिकांकडे परत येऊ. २००७ साली सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण केले. कंपनी एक झाली, संघटना दोनच राहिल्या. पगाराच्या दोन पद्धती, बढतीच्या दोन याद्या. आपल्याकडे दोन भावांची दुकाने एक केली आणि चोपड्या वेगळ्या ठेवल्या तर काय होईल? तेच झाले. २७ एप्रिल २०११ ला जुन्या इंडियन एअरलाइन्सचे सुमारे आठशे वैमानिक संपावर गेले. मागणी होती समान पगाराची आणि कंपनीच्या गैरकारभाराच्या सीबीआय चौकशीची. दिल्ली उच्च न्यायालयाने कामावर जाण्याचा हुकूम दिला, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना बडतर्फ केले. दहा दिवसांनी समेट झाला, काढलेले परत आले आणि समानतेचा प्रश्न न्या. धर्माधिकारी समितीकडे गेला. या संपाला मी निम्मे गुण देईन. पगाराबरोबर त्यांनी कंपनी कोण बुडवतो आहे हा प्रश्न विचारला होता. तो प्रश्न प्रवाशाचा आणि करदात्याचाही होता.

वर्षभरात दुसऱ्या भावाची पाळी आली. ड्रीमलायनर ही नवी विमाने येणार होती. ती चालवण्याचे प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याचे ठरले. गिल्डचे म्हणणे, ही विमाने एअर इंडियाची, हक्क आमचा. मे २०१२ च्या पहिल्या आठवड्याअखेर त्यांचे वैमानिक एकामागून एक 'आजारी' पडले. मान्यता लगेच गेली, १०१ जण बडतर्फ झाले. कंपनीला सुमारे सहाशे कोटींचा फटका बसल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ५८ दिवसांनी, ३ जुलैला, न्यायालयापुढे हमी देऊन सगळे कामावर परतले. पदरात काय पडले? काढलेल्यांना परत घेण्याचा विचार करू, एवढे आश्वासन. ड्रीमलायनर त्याच सप्टेंबरमध्ये आले आणि दोन्ही बाजूंच्या वैमानिकांनी चालवले. मालकाशी भांडून काही मिळवता येते, आपल्याच भावाच्या ताटातले ओढून काही मिळत नाही. दोन संघटनांच्या पुढाऱ्यांनी २००७ सालीच एकत्र बसून एक यादी बनवली असती तर सरकारला समितीची गरजच पडली नसती. हे काम मालक करून देत नाही, ते पुढाऱ्यानेच करायचे असते. त्यात शिव्या खाव्या लागतात, म्हणून कोणी करत नाही.

जेट एअरवेजची गोष्ट निराळी आणि मला जास्त चटका लावणारी. तिथे २००९ पर्यंत वैमानिकांची संघटनाच नव्हती. त्या वर्षी त्यांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नोंदवली. कंपनीने दोन वैमानिकांना काढले. सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवस मुंबईपासून दिल्लीपर्यंत विमाने उभी राहिली. अखेर काढलेल्यांना परत घ्यावे लागले. खासगी मालकाकडून बोलणी करण्याचा हक्क मिळवला, तोही पाच दिवसांत. हे यश मोजून घेतलेले होते. मागणी लहान ठेवली, मिळताच कामावर गेले.

दहा वर्षांनी त्याच संघटनेपुढे उलटा प्रसंग आला. कंपनीवर आठ हजार कोटींहून जास्त कर्ज, पगार महिनोन्महिने थकलेले. १ एप्रिल २०१९ पासून विमान उडवणार नाही असे वैमानिकांनी जाहीर केले, मग ते पुढे ढकलले. १५ एप्रिलला पुन्हा ठरवले, पुन्हा ढकलले. स्टेट बँकेला पैसे सोडण्याची विनंती केली, पंतप्रधानांना कामगारांच्या नोकऱ्या वाचवा म्हणून साकडे घातले. पगार न घेता त्यांनी विमाने उडवली. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचे विमान आले आणि दुकान बंद झाले. आपल्या चिकलठाण्याहून मुंबईला जाणारी त्यांची सेवाही गेली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विकून हिशेब मिटवण्याचा आदेश दिला.

इथे संघटनेने काय चूक केली? एप्रिल २०१९ मध्ये काहीच नाही, असे माझे मत. ते समजुतीने वागले. पण रिकाम्या तिजोरीपुढे संयमही चालत नाही आणि संपही चालत नाही. चूक आधीची होती. कर्ज एका रात्रीत आठ हजार कोटी होत नाही. ज्याचे पोट एका पेढीवर आहे त्याने त्या पेढीचा ताळेबंद वाचला पाहिजे. कंपनी शेअर बाजारात होती, दर तिमाहीला आकडे छापून येत होते. शिकलेली माणसे, नकाशे आणि हवामान वाचणारी, मालकाची चोपडी वाचायला उशीर झाला. मी स्वतः एका बड्या ठोक व्यापाऱ्याला तीन हंगाम उधारीवर माल दिला आहे, त्याची गाडी आणि दिवाणखाना पाहून. तेव्हा दुसऱ्यांना फार बोलण्याचा मला अधिकार नाही.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली आणि संघटनांची जुनी सगळी ओळख पुसली. पुढच्या वर्षी नवे पगारपत्रक आले. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे पक्के मिळत, ते आता ४० तासांचे. बाकी जितके उडाल तितके. आपल्या भाषेत, रोजंदारी कमी आणि नगावर मजुरी जास्त. दोन्ही संघटनांनी, या वेळी मात्र एकत्र, सह्या करू नका म्हणून सांगितले. दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांना अर्ज केला. कंपनीचे उत्तर सरळ होते, आमच्याकडे मान्यताप्राप्त संघटनाच नाही. ४० तास कायम राहिले आणि विलीनीकरणाआधी विस्ताराच्या वैमानिकांनाही तेच लागू झाले. तिथे २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये संप न पुकारताच गोंधळ उडाला. माणसे कामावर येईनात, कंपनीला दहा टक्के उड्डाणे कमी करावी लागली. संघटना नसली की असे होते. राग बाहेर पडतोच, पण बोलायला कोणी समोर नसते.

हे सगळे वाचून वाटेल की वैमानिकांच्या पुढाऱ्यांना काहीच साधले नाही. तसे नाही. त्यांचे सगळ्यात चांगले काम विश्रांतीच्या तासांचे आहे आणि त्यात एकही विमान थांबवावे लागले नाही.

१७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन जाण्यासाठी निघालेला एक वैमानिक दारापाशीच कोसळला आणि वारला. मृत्यू हृदयविकाराचा होता, थकव्याने झाला असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण चर्चा पेटली. जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची हद्द पहाटे पाचऐवजी सहापर्यंत आणि रात्रपाळीत जास्तीत जास्त सहाऐवजी दोनच वेळा उतरणे. कंपन्यांनी आरडाओरड केली आणि नियम लांबले. तेव्हा असोसिएशन, गिल्ड आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात टिकून राहिल्या आणि तारखा पदरात पाडून घेतल्या. पहिला टप्पा १ जुलै २०२५, दुसरा १ नोव्हेंबर २०२५. इथे पुढाऱ्यांना वेळही कळली आणि गिऱ्हाईकही कळले. पगार मागितला तर प्रवासी म्हणतो, यांना आणखी किती हवे? झोप मागितली तर प्रवासी म्हणतो, द्या बाबा, मी मागे बसलो आहे.

आणि तरीही पहा काय झाले. देशातली निम्म्याहून जास्त वाहतूक एकट्या इंडिगोकडे. तिने नव्या नियमांना पुरेल इतकी तयारी केली नव्हती. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, ५ तारखेला एका दिवसात हजारावर. तिकिटे इतकी भडकली की सरकारला भावाची हद्द बांधावी लागली, पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये, तिथून पुढे अंतराप्रमाणे. लग्नसराईचे दिवस. आणि मग महासंचालनालयाने त्या कंपनीला रात्रीच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. वैमानिकांच्या संघटनांनी निषेध केला. कोर्टात दीड-दोन वर्षे झिजून मिळवलेले चार दिवसांत सैल झाले. जो दुकानदार बाजाराचा निम्म्याहून जास्त माल विकतो, त्याचे दुकान बंद पडणे म्हणजे बाजार बंद पडणे. एके काळी ही ताकद संघटनेकडे होती, विमान थांबवून सरकारला बोलावून घेण्याची. आज ती मालकाकडे गेली आहे.

एक शेवटची गोष्ट, जी आपल्या कारखानदार आणि कारागीर दोघांनीही नोंदवून ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. विमानसेवेला संपापूर्वी नोटीस देण्याचे बंधन १९४७ च्या कायद्यातही होते, आता १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लागली. अनेक संघटना असतील तिथे ५१ टक्के सभासद जिच्याकडे ती बोलणी करणारी संघटना. आणि निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी एकदम किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच धरला जाईल. संपाचे नाव न घेता सगळ्यांनी एकाच सकाळी रजा टाकायची, वैमानिकांच्या भात्यातल्या या जुन्या युक्तीवर या कलमाने थेट बोट ठेवले आहे.